मोडकं धरून ठेवणारा

काल सकाळी दूध आणायला निघालो, तर खालच्या बाकड्यावरून आवाज आला, "हाच तो, मोडकं धरून ठेवणारा." चार म्हातारे माझ्याकडे बघून हसले. मी इंजिनियर आहे हो. निदान लग्न जमवताना तरी तसंच सांगितलं होतं.

तर, काका. निवृत्त तलाठी. त्यांच्या पुतण्याचे बैल शर्यतीत पहिले आले, कुणीतरी व्हिडिओ टाकला. फोनवर बैल मुंगळ्याएवढे दिसतात म्हणून ते माझ्याकडे आले. माझा लॅपटॉप दोन जीबी रॅमचा, त्यावर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. म्हटलं, व्हिडिओ शोधून थेट एमपीव्ही नावाच्या हलक्या प्लेअरमध्ये लावणारा एक चिमुकला प्रोग्रॅम टाकू. "पाचच मिनिटं, काका." हे वाक्य भोवलं.

हुकूम टाइप करायचं टर्मिनल उघडलं. सुडो ॲप्ट इन्स्टॉल, म्हणजे प्रोग्रॅम बसवायचा हुकूम. पासवर्ड.

"उमटत नाहीये," काका.

"उमटत नसतं. सुरक्षिततेसाठी."

"मग त्याला कसं कळणार तू काय लिहिलंस?"

"त्याला कळतं."

"आणि तुला?"

मला कळत नाही, हे तिसऱ्यांदा पासवर्ड चुकल्यावर दोघांनाही कळलं. मग उत्तर आलं: 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस.' काकांनी चष्मा सावरून ते मोठ्याने, अडखळत वाचलं. "यू म्हणजे तू. तूच मोडकं धरून ठेवलंयस म्हणतोय."

प्रोग्रॅम उतरवून घ्यायला मागे हौसेने जोडलेलं एक परकं भांडार नडत होतं. या प्रोग्रॅमला तो हवा, त्याला तिसऱ्याची नवी आवृत्ती हवी. मला वाटलं काका कंटाळतील. पण ते खुलले! "बरोबर आहे की! वारसनोंद नसताना खरेदीचा फेरफार कसा मंजूर होईल? बाणेदार आहे हा. मला आवडला." चाळीस वर्षं लोकांना उद्या या म्हणणारा माणूस माझ्या मशीनची पाठ थोपटत होता, माझ्याच खुर्चीवर बसून, माझाच चिवडा खात.

भांडार काढलं, प्रोग्रॅम बसला. शोधलं, यादी आली, टिचकी मारली. काळी खिडकी उघडली आणि मिटली. साईटवरून व्हिडिओ खेचून आणणारा वायटी-डीएलपी जुना निघाला.

"हे कायद्यात बसतं ना?" काका.

सांगितलं, की हा ज्याच्यातून फुटला त्या यूट्यूब-डीएलला ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेने नोटीस धाडून गिटहब या कोड ठेवायच्या साईटवरून उतरवलं होतं, नोव्हेंबरात तो परत आला.

"म्हणजे शर्यतीसारखंच. २०२१ च्या डिसेंबरात कोर्टाने परवानगी दिली तेव्हा मी पेढे वाटले होते."

खरा राग याचा, की धरावं कुणाला? साईट मनाला येईल तेव्हा आतलं बदलते, फुकट राबणारी पोरं रात्री जागून दुरुस्त करतात, आणि लिनक्सच्या 'स्टेबल' भांडारात तीच दोन वर्षांपूर्वीची प्रत. स्टेबल म्हणजे जागचं न हलणारं, हे आधी सांगायचं!

रात्री साडेदहाला नवी प्रत बसली. पंखा गप्प. पडदाभर धुरळा, आरोळ्या, बैल सुटले, निशाण पडलं. बारा-तेरा सेकंदांत सगळं संपलं.

काका चष्मा पुसत होते.

"सुटले का रे?"