ध्वजदिनाचा बिल्ला म्हणजे चुकीचा छापलेला तिरंगा नव्हे

छातीवर लावायच्या कागदी झेंड्याचा फोटो सध्या फिरतो आहे. ‘तिरंग्याचे रंग बदलून छापलेत, हा अपमान आहे, घेऊ नका,’ असा त्याखाली मजकूर आहे.

तो राष्ट्रध्वज नाहीच. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा तो बिल्ला आहे. लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. १९४९ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या समितीने हा दिवस ठरवला, तेव्हापासून तो पाळला जातो. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या माहितीतही हेच आहे. हे बिल्ले देऊन जमवलेला निधी जातो वीरपत्नी, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी.

पैसे टाकले की टाचणीने काही टोचायचं, ही रीत त्याहून जुनी. लंडनमध्ये १९१२ साली राणी अलेक्झांड्राच्या नावाने कापडी गुलाब विकून रुग्णालयांना मदत केली गेली. पहिल्या महायुद्धात तर रस्तोरस्ती कागदी झेंडे विकले जात. बिल्ला दिसला की मदतीचा डबा घेऊन उभा असलेला पुढचा माणूस थांबवत नसे, ही त्याची खरी सोय! म्हणूनच हे कपटे जपून ठेवण्यासारखे: कोणत्या काळी लोकांनी कशासाठी खिशात हात घातला, ते त्यांवरून कळतं.

तो फोटो आला असेल तर पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.