ओसरलेल्या गाठीबद्दल लिहूच नये का?

ताई, नमस्कार.

फुप्फुसाचा बळावलेला कर्करोग फार क्वचित उपचारांशिवायही ओसरतो, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "असलं छापणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. आमच्या शेजारच्या काकांनी असंच काही वाचून केमो मध्येच सोडली." तुमचा राग रास्त आहे. तरी लिहूच नये, हे मला पटत नाही. अर्धी गोष्ट लोकांपर्यंत आधीच पोचलेली असते, उरलेली अर्धी कुणीतरी सांगायला हवी.

इंग्लंडमधल्या एका आजींचंच घ्या. वय ऐंशीच्या पुढे, सिगारेट चालूच, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्हींना नकार. जून २०१८ मध्ये ४१ मिलिमीटर असलेली गाठ फेब्रुवारी २०२१ मध्ये १० मिलिमीटरवर आली. त्या सीबीडी तेल (गांजाच्या झाडापासून काढलेलं) घेत होत्या, म्हणून मथळे सगळे तेलाचे. पण त्यांचा कर्करोग पसरलेला नव्हता, गाठ पूर्ण गेलीही नव्हती, आणि ज्या डॉक्टरांनी ही केस छापली त्यांनीच लिहिलंय की तेलामुळे हे झालं असं म्हणता येत नाही. फुप्फुसात तर क्षयाचा डागही स्कॅनमध्ये गाठीसारखा दिसू शकतो. त्यामुळे कुणी "कॅन्सर गेला" म्हटलं की मी आधी बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट विचारते.

खरोखर ओसरलेल्या केसेस झाकून ठेवल्या असत्या, तर काय गमावलं असतं? १९६८ मध्ये अमेरिकेत बॉस्टनमधल्या एका रुग्णालयात स्टीव्हन रोझेनबर्ग या तरुण सर्जनकडे पित्ताशयाच्या दुखण्याचा एक रुग्ण आला. बारा वर्षांपूर्वी त्याच्या जठराचा कर्करोग यकृतात पसरलेला आढळला होता, आणि यकृतातल्या गाठी तशाच ठेवून त्याला घरी पाठवलं होतं. रोझेनबर्गनी गाठीच्या नमुन्याच्या जुन्या स्लाइड्स पुन्हा तपासून घेतल्या: कर्करोगच होता. मग शस्त्रक्रियेत यकृत हाताने चाचपून पाहिलं, तर एकही गाठ नाही! त्या माणसाचं रक्त दुसऱ्या रुग्णाला देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. पण शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर चालून जाऊ शकते, या कल्पनेचा पाठपुरावा त्यांनी पुढे आयुष्यभर केला. आज फुप्फुसाच्या कर्करोगात निवोलुमॅबसारखी इम्युनोथेरपीची (प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारी) औषधं देतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे.

आणि उपचार सोडून वाट पाहणाऱ्यांचं काय होतं, हेही ठळक लिहायला हवं. फक्त पर्यायी उपचारांवर राहिलेल्या, कर्करोग न पसरलेल्या रुग्णांचा अमेरिकेतला २०१७ चा अभ्यास आहे. त्यात फुप्फुसाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. हा परिच्छेद मी आज मूळ लेखात अगदी वर घालते आहे.

काकांना मात्र याच आठवड्यात, जुने सगळे रिपोर्ट घेऊन, त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टकडे न्या. मध्ये खंड पडला म्हणून ओशाळून घरी बसू देऊ नका. पुढे काय करता येईल ते डॉक्टर नव्याने तपासून ठरवतील.