वसंतरावांचे पत्र आणि प्रभाकरची तिकिटे

रविवारी सकाळी लक्ष्मीभुवन चौकालगतच्या आमच्या कट्ट्यावर तर्रीपोह्यांच्या प्लेटा येण्याआधीच वाद पेटला होता, आणि तो वसंतरावांनी पेटवला होता, हे सांगायला नकोच. परवाची बातमी सर्वांनी वाचलेली होती. एका तालुक्याच्या वार्ताहराला त्याच्या बातमीवरून पुन्हा समन्स निघाले असून या वेळचे न्यायालय तिसऱ्याच जिल्ह्यातले आहे, यावर आम्ही नुसती मान हलवली होती. वसंतरावांनी मात्र वर्तमानपत्राची घडी मांडीखाली सरकवली आणि वीज मंडळातल्या ३४ वर्षांच्या सेवेने दिलेल्या अधिकारवाणीने जाहीर केले की, कर नाही त्याला डर कशाला. ज्याने काही केले नसेल त्याला न्यायालय सोडतेच. सोडले म्हणजे न्याय झाला. आणि न्याय झाल्यावर छळ छळ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

आमच्यातला पत्रकार प्रभाकर यावर जे प्रथम बोलला ते अस्सल नागपुरीत होते आणि छापण्यासारखे नव्हते. त्यामुळे सर्वांचेच बोलणे येथे लेखी मराठीत उतरवले आहे, याची कट्ट्यावरच्या मंडळींनी नोंद घ्यावी.

त्यानंतर तो शांतपणे म्हणाला, ‘‘वसंतराव, मलाही न्यायालयाने निर्दोष सोडले. त्याला ९ वर्षे लागली. आता मला सांगा, त्यात न्याय नेमका कोणत्या दिवशी झाला?’’

प्रभाकरचे प्रकरण आमच्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ आहे, तरी तो सांगू लागला की आम्ही ऐकतो. एका शिक्षणसंस्थेच्या इमारतीबद्दल त्याने दोन स्तंभांची बातमी दिली होती. संस्थाचालकांनी खुलासा पाठवला नाही, संपादकांना दूरध्वनी केला नाही. त्यांनी नागपूरपासून सव्वाशे किलोमीटरवरच्या तालुका न्यायालयात बदनामीची फौजदारी तक्रार दाखल केली, कारण अंक तिथेही विकला जात होता. तारखेच्या दिवशी पहाटे गणेशपेठच्या स्थानकावरून एसटी पकडायची, अकराच्या आत पोहोचायचे, व्हरांड्यातल्या बाकावर जागा मिळाली तर बसायचे, आणि साडेबाराच्या सुमारास पुकारा झाला की आत जाऊन उभे राहायचे. तक्रारदाराच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज आधीच टेबलावर असायचा. न्यायाधीश मान वर न करता पुढची तारीख सांगायचे, आणि या सगळ्याला अर्धा मिनिटही लागत नसे. एकदा मुलीला ताप होता म्हणून हा गेला नाही, तर हजेरीमाफीचा अर्ज वेळेत न पोहोचल्यामुळे वॉरंट निघाले आणि ते रद्द करून घ्यायला आणखी दोन फेऱ्या झाल्या. पहिली दोन वर्षे वर्तमानपत्राने प्रवासखर्च दिला. नंतर व्यवस्थापनाने ‘तुमचे तुम्ही पाहा’ असे सौम्य शब्दांत कळवले. शेवटी तक्रारदार लागोपाठ गैरहजर राहिले, तक्रार निकाली निघाली आणि दीड पानाच्या आदेशाने प्रभाकर निर्दोष ठरला. बातमी खरी होती की खोटी, याची चौकशी त्या ९ वर्षांत एकदाही झाली नाही.

एसटीची सगळी तिकिटे त्याने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती, खर्चाची मागणी करू म्हणून. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना त्याने डबा उघडला, तेव्हा यंत्रातून निघणाऱ्या त्या पातळ कागदांवरची शाई उडून गेलेली होती. सव्वाशे-दीडशे कोरे कागद.

‘‘आणि त्या बातमीनंतर मी काय लिहिले, ते विचारा,’’ प्रभाकर म्हणाला. ‘‘साहित्य संमेलनांचे वृत्तान्त. संमेलनाध्यक्ष कितीही रागावले तरी फौजदारी करत नाहीत.’’

वसंतरावांनी पोह्यांवर रस्सा वाढवून घेतला आणि मोर्चा वळवला. त्यांचे म्हणणे होते की, हल्ली गळ्यात ओळखपत्र अडकवून बांधकामाच्या जागी जाणारे, ‘बातमी लावू का’ म्हणून पैसे मागणारे महाभाग जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि अशांवर गुन्हे नोंदवायचे नाहीत का? हा मुद्दा खोटा नव्हता, आणि प्रभाकरने तो लगेच मान्यही केला. अशा लोकांना तो स्वतः आमच्यापेक्षा जास्त ओळखतो. ‘‘खंडणी मागितली असेल तर खंडणीचा गुन्हा लावा, पुरावा द्या आणि वर्षभरात निकाल लावा,’’ तो म्हणाला. ‘‘पण २०१९ मध्ये मिर्झापूर जिल्ह्यातल्या शाळेत मुलांना दुपारच्या जेवणात नुसत्या मिठाबरोबर पोळी दिली जात असल्याचे ज्याने दाखवले, त्याच्यावर कट रचल्याचा गुन्हा नोंदवला गेला. पुढे पोलिसांनीच त्याचे नाव वगळले. तिथे कोणाची खंडणी होती? मिठाची?’’

यावर वसंतरावांनी टिळकांना बोलावले. टिळकांना ते दर रविवारी निदान एकदा बोलावतात. लोकमान्य दोनदा राजद्रोहाखाली तुरुंगात गेले, १८९७ मध्ये १८ महिने आणि १९०८ मध्ये ६ वर्षे, पण त्यांनी कधी रडगाणे गायले नाही. आताच्या पत्रकारांना मात्र समन्स आले की घाम फुटतो.

प्रभाकर बहुधा याचीच वाट पाहत असावा. ‘‘टिळकांना २४ जून १९०८ रोजी अटक झाली. खटला १३ जुलैला सुरू झाला आणि २२ जुलैला शिक्षा सुनावली गेली. अटकेपासून शिक्षेपर्यंत २८ दिवस. सिद्दीक कप्पन नावाचा केरळचा पत्रकार हाथरसला निघाला असताना ५ ऑक्टोबर २०२० रोजी पकडला गेला आणि २ फेब्रुवारी २०२३ रोजी लखनौच्या तुरुंगातून बाहेर आला. म्हणजे जवळजवळ २८ महिने, आणि तेही शिक्षा भोगून नव्हे, जामिनावर. इंग्रज अन्याय करत होता, पण निदान निकाल तरी लावत होता.’’

वसंतराव म्हणाले की, दोन प्रकरणांची अशी तुलना करता येत नाही. का करता येत नाही, हे त्यांनी सांगितले नाही.

आमचे वकीलसाहेब अशा वेळी चहा संपेपर्यंत थांबतात आणि मग बोलतात. कप्पन यांना सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच जामीन दिला होता, हे त्यांनी लक्षात आणून दिले. पण तोवर काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याखालचे दुसरे प्रकरण उभे होते, त्यातला जामीन डिसेंबरात झाला, आणि जामीनदारांची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत फेब्रुवारी उजाडला. कप्पन यांना मुळात ज्याखाली डांबले होते त्या यूएपीएतली, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यातली, गोम त्यांनी पोह्यांच्या प्लेटवर बोटाने कलम लिहून दाखवली. एरवी जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद असतो. कलम ४३ ड (५) मध्ये हे उलटते. पोलिसांचे कागद वाचून आरोप वरकरणी खरा वाटला तरी न्यायालयाला जामीन देता येत नाही, आणि त्या टप्प्यावर पुरावा बारकाईने तपासू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१९ मध्ये सांगितलेले आहे. त्यामुळे पोलिसांना खटला जिंकण्याची घाई नसते. बदनामीच्या तक्रारीत जे काम मुदतीचा अर्ज करतो, ते येथे कायदाच करतो.

‘‘पण सोडतात ना शेवटी? आपल्याच हायकोर्टाने साईबाबांना सोडले की नाही?’’ वसंतराव म्हणाले, आणि क्षणभर सर्वच गप्प झाले, कारण ते प्रकरण आमच्या गावात घडले आहे.

वकीलसाहेबांनी तारखा सांगितल्या. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा, ९० टक्के अपंग, चाकाच्या खुर्चीत. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी याच यूएपीएखाली जन्मठेप दिली. नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांना आणि सहआरोपींना सोडले, कारण खटल्याला लागणारी सरकारी मंजुरीच कायद्याला धरून नव्हती. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असताना, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन तो निकाल स्थगित केला. प्रकरण फेरसुनावणीला परत आले, आणि ५ मार्च २०२४ रोजी याच खंडपीठाच्या दुसऱ्या पीठाने पुन्हा सर्वांना निर्दोष ठरवले. ७ मार्चला ते तुरुंगाबाहेर आले. शिक्षा झाली त्या तारखेलाच, बरोबर ७ वर्षांनी. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी हैदराबादेत ते वारले. मधल्या काळात आई गेली, तेव्हा तिला शेवटचे पाहण्यासाठीही त्यांना सुटी मिळाली नव्हती.

‘‘सिव्हिल लाइन्समधले खंडपीठ आणि वर्धा रोडवरचे कारागृह यांच्यातले अंतर रिक्षाने अर्ध्या तासाचेही नाही,’’ प्रभाकर म्हणाला. ‘‘आणि न्यायव्यवस्थेला घाई करता येत नाही, असे कुणी मला सांगू नये. त्या शनिवारी तिने केलेली घाई मी पाहिली आहे. सहआरोपी पांडू नरोटे तर पहिला निकाल यायच्या दोनेक महिने आधी, ऑगस्ट २०२२ मध्येच, कैदेत असताना वारला. वसंतराव, तोही निर्दोष सुटला. तुमच्या हिशेबाने त्यालाही न्याय मिळाला.’’

हे बोलताना त्याने आवाज चढवला नव्हता. वसंतराव बोटाने मिशी साफ करत राहिले.

मीनाताई बराच वेळ ऐकत होत्या. वकिलांकडे वळून त्यांनी विचारले की, अशी वर्षे गेलेल्या माणसाला भरपाई मिळण्याचा काही कायदा आहे का. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती, असे वकीलसाहेब म्हणाले, आणि ‘केली होती’ या शब्दांवर त्यांनी जो स्वर लावला त्यात पुढचे सगळे आले. एक बरी गोष्ट म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत खासगी तक्रारीची दखल घेण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकावे लागते. आणि महाराष्ट्राचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा? ‘‘तो माझ्या डोक्यात काठी घालणाऱ्याला ३ वर्षे सांगतो,’’ प्रभाकरने परस्पर उत्तर दिले. ‘‘कागद घालणाऱ्याबद्दल त्यात काही नाही.’’

मीनाताईंनी मग माल्टाच्या पत्रकार डॅफ्ने कारुआना गॅलिझिया यांचे सांगितले. २०१७ मध्ये बॉम्बने त्यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्यावर बदनामीचे ४० हून अधिक दावे चालू होते, आणि त्यांतले कित्येक नंतर त्यांच्या कुटुंबीयांविरुद्ध पुढे चालले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये अशा दाव्यांना आळा घालणारा जो निर्देश काढला, त्याला लोक त्यांच्याच नावाने ओळखतात.

वारसाहक्काने दावे मिळतात, हे ऐकून वसंतराव एकदम हळवे झाले, आणि त्याचे कारण साऱ्या धरमपेठेला ठाऊक आहे. शेजाऱ्याच्या भिंतीने खाल्लेल्या दीड फूट जागेचा दिवाणी दावा त्यांना वडिलांकडून मिळाला आहे आणि तो आता चिरंजीवांकडे जाण्याच्या बेतात आहे. ‘‘शेजारी बिचारा २६ वर्षे तारखांना येतो,’’ वकीलसाहेब म्हणाले. ‘‘कर नाही त्याला डर कशाला, हे त्याला सांगितलेत का?’’ यावर पोहेवाला भाऊसुद्धा झारा थांबवून हसला.

वसंतरावांचा स्फोट झाला तो इथे. प्रभाकर आपल्याला इतके बोलतो, पण १९९८ मध्ये हाच वर्तमानपत्रात उपसंपादक असताना भारनियमनावरचे आपले चार पानी पत्र याने कापून दोन ओळींचे केले होते, तेव्हा कुठे गेले होते याचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य? त्या दोन ओळींत आपले आडनावही चुकले होते! प्रभाकरने दोन्ही कान पकडले आणि सांगितले की, त्या एका गुन्ह्यात तो आजही बिनशर्त कबुली द्यायला तयार आहे.

मी हा सगळा वाद लिहून काढणार असल्याचे सांगताच वसंतरावांनी माझ्यावर बदनामीची तक्रार दाखल करण्याची धमकी दिली, आणि ती भंडाऱ्याला दाखल करू, कारण तिथे मुलगी दिलेली आहे, जाणे-येणे होतेच, असेही ठरवून टाकले. वकीलसाहेबांनी त्यांचे नाव बदलून लिहिण्याचा सल्ला मला दिला, आणि मी तो पाळला आहे. वसंतराव मात्र याच गोष्टीवर सर्वांत जास्त चिडले आहेत. खरे नाव घाला, आडनाव नीट लिहा आणि या वेळी एक ओळही कापू नका, असा निरोप त्यांनी काल संध्याकाळी पुन्हा पाठवला आहे.