आधी ते इन्स्टॉलचं पान दुरुस्त करा ना!

डॉक्युमेंटेशन सुधारायचं म्हटलं की ओपन सोर्सवाल्यांच्या अंगात काय संचारतं देव जाणे. मी फावल्या वेळात ज्या प्रोजेक्टचं काम करतो, तिथे परवा पुन्हा 'डॉक्स रोडमॅप'ची मीटिंग झाली. निम्म्याहून जास्त वेळ कशात गेला? डॉक्सची पानं बनवायला स्फिंक्स हे टूल ठेवायचं की डॉक्युसॉरसवर जायचं! मग मार्कडाउन या लिहायच्या फॉरमॅटवरून जुंपली. मग डार्क मोड. अरे, पान काळं केलं म्हणून त्यावरची चुकीची कमांड चालायला लागते का?

आमच्या इन्स्टॉलच्या पानावर आजही पहिलीच ओळ आहे 'सुडो पिप इन्स्टॉल', म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकणारं पिप अ‍ॅडमिनच्या हक्काने चालवा. डेबियन या लिनक्सची 12 वी आवृत्ती आली 2023 मध्ये. तिथे ही कमांड मारली की पिप थेट 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर तोंडावर फेकतं. सिस्टीमचं पायथन डेबियनचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर अ‍ॅप्ट सांभाळतो, पिपने तिथे लुडबुड करायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं. आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनचा वेगळा कप्पा, बनवा, मग इन्स्टॉल करा. दोन ओळी बदलायच्यात हो! नवीन पोरगं येतं, पहिल्याच कमांडला आपटतं, चॅटवर विचारतं, तर उत्तर काय? 'डॉक्स वाचलेस का?' वाचले म्हणूनच आपटलं ना ते! वर एखादा शहाणा ही एरर टाळायला 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस'चा फ्लॅग लावायला सांगतो. नावातच 'ब्रेक' आहे, तरी खुशाल.

त्या दोन ओळींचा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारायची विनंती) धूळ खात पडलाय. का, तर आधी नवी रचना ठरू दे. ट्युटोरियल, हाऊ-टू, रेफरन्स, एक्स्प्लनेशन असे डिआटाक्सिस या डॉक्स मांडायच्या पद्धतीचे चार कप्पे करायचेत. करा की, पद्धत चांगलीच आहे. पण नळाला पाणी नाही आणि तुम्ही टाइल्सचा रंग निवडताय!

कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या 2017 च्या सर्व्हेत 93 टक्के लोकांनी अपुऱ्या, जुनाट डॉक्युमेंटेशनबद्दल तक्रार केली होती. हा आकडा आमच्या प्रेझेंटेशनमध्ये हमखास असतो. त्याच्या पुढची स्लाइड थीमच्या रंगांची.

सगळ्यात डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. नव्या फीचरच्या पीआरला टेस्ट नसेल तर अडवतात. डॉक्स नसतील तर? 'नंतर बघू, इश्यू उघडून ठेव', म्हणजे बाकी कामाची नोंद करून ठेव. त्या इश्यूला 'गुड फर्स्ट इश्यू'चं, म्हणजे नवख्यांसाठीच्या कामाचं, लेबल. म्हणजे ज्याला प्रोजेक्टमधलं ओ की ठो कळत नाही, त्याने ते जगाला समजावून सांगायचं, आणि कोड लिहिणारा मोकळा! नवखा बिचारा दोन प्रश्न विचारतो, कुणी उत्तर देत नाही, आणि काही महिन्यांनी स्टेल बॉट हा आपोआप चालणारा प्रोग्रॅम येऊन 'हालचाल नाही' म्हणत इश्यूच बंद करून टाकतो.