वरच्या मजल्यावरचा माल्टीज

माल्टातल्या आमच्या बिल्डिंगच्या दाराशी टपालपेट्यांची रांग आहे. आम्हा तिघी नर्सांची मिळून एक पेटी, ती कायम रिकामी. सगळ्यात वरच्या फ्लॅटची मात्र पाकिटं बाहेर डोकावेपर्यंत भरलेली. चार वर्षांत त्या फ्लॅटमधला दिवा लागलेला मी एकदाही पाहिला नाही. कोपऱ्यावरचा पास्टिझीवाला (पास्टिझी म्हणजे खारीच्या पापुद्र्यात वाटाण्याचं नाहीतर चीजचं सारण) खांदे उडवून म्हणतो, "मेला, पासपोर्टवाल्याचा असेल." इथे 'मेला' ही शिवी नव्हे. 'मग', 'तर', 'अर्थात' या सगळ्यांच्या जागी माल्टीज माणूस 'मेला'च म्हणतो. पहिल्या महिन्यात मला वॉर्डात सारखं आत्या रागावल्यासारखं वाटायचं.

पेटीतली ती पाकिटं आठवली मिरजेच्या मामांच्या मेसेजमुळे. फॅमिली ग्रुपवर त्यांनी आकडा टाकला: 2024 मध्ये दोन लाख सहा हजारांवर भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. खाली त्यांची टीप, 'देशाचं खाऊन पळणारे.' धाकट्या मावसभावाने लगेच 'दुहेरी नागरिकत्व द्या, प्रश्न मिटला' असं लिहिलं आणि रात्री अकरापर्यंत ग्रुप पेटला. मी तेव्हा नाइट ड्युटीला होते. सकाळी वाचलं आणि वाटलं, या भांडणात दोन्ही बाजू पासपोर्टला फार मोठा मान देतायत.

मी राहते तो देश, माल्टा, 316 चौरस किलोमीटरचं बेट-राष्ट्र. त्याने 2014 पासून नागरिकत्व उघड विकायला काढलं. 2020 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षं रहिवासी असाल तर सहा लाख युरो, घाई असेल तर साडेसात लाख आणि एक वर्ष. शिवाय घर विकत घ्यायचं, नाहीतर वर्षाला किमान 16 हजार युरो भाड्याचं पाच वर्षं ठेवायचं. 'रहिवासी' या शब्दाचा अर्थ काय, हे 2021 मध्ये फुटलेल्या कागदपत्रांतून बाहेर आलं. भाड्याचे फ्लॅट होते, करार होते, अर्जदार मात्र बेटावर मोजके दिवस टेकणार होते. या व्यवहारावर सतत लिहिणाऱ्या पत्रकार डॅफनी कारुआना गॅलिझिया तोवर हयात नव्हत्या. 16 ऑक्टोबर 2017 रोजी गाडीत बॉम्ब ठेवून त्यांना मारलं. राजधानी व्हॅलेटातल्या कोर्टासमोरच्या स्मारकापाशी लोक अजून फुलं ठेवतात.

स्थानिकांची बाजू अगदीच पोकळ नाही. आलेल्या पैशाचा 70 टक्के वाटा विकास निधीत जायचा, त्यातून आरोग्य केंद्रं आणि गरिबांसाठी घरं झाली. बेटाकडे ना तेल, ना खाणी. विकण्यासारखं काय, तर समुद्र, ऊन आणि युरोपचं दार. पण ते दार एकट्या माल्टाचं नव्हतं; माल्टाचा नागरिक झाला की माणूस आपोआप युरोपीय संघाचाही नागरिक होतो. 29 एप्रिल 2025 ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की नागरिकत्व म्हणजे राज्य आणि नागरिक यांच्यातलं विश्वासाचं नातं, त्याचा सौदा करता येणार नाही. जुलैत सरकारने कायदा बदलून ही विक्री बंद केली.

आमच्या स्टाफरूममध्ये त्या निकालावर कुणी पेढे वाटले नाहीत. आमच्या केरळच्या आणि फिलिपिन्सच्या मैत्रिणींना, मलाही, त्याने काय फरक पडणार? कायद्यात पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, पण देणं न देणं मंत्र्याच्या मर्जीवर. मी इथे सहा वर्षं म्हाताऱ्यांची अंगं पुसते, औषधं देते, कर भरते. तरी इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डाची मुदत संपत आली की पोटात गोळा येतो. नागरिकत्व पैशाने विकलं याचा मला फार राग नाही. राग आहे तो राहण्याला काडीची किंमत नव्हती याचा.

माझ्या वॉर्डात एक आजी आहेत. मला 'बिन्ती' म्हणतात, म्हणजे 'माझी मुलगी'. लग्न करून त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्या काळात बेटावर काम नव्हतं, बोटी भरभरून माणसं मेलबर्नला जात. तिथलं नागरिकत्व घेतलं आणि कायद्याप्रमाणे इथलं संपलं. आईच्या अंत्यविधीला त्या आल्या त्या पाहुण्या म्हणून. दुहेरी नागरिकत्वाला माल्टाने पूर्ण परवानगी दिली ती 2000 साली. त्यानंतर त्यांनी पासपोर्ट परत मिळवला. तो त्या उशाजवळच्या खणात जपमाळेसोबत ठेवतात. कुठे जायचं नसतं, तरी मधूनच काढून मला फोटो दाखवतात. आपल्याच लेकींसाठी ज्या देशाला इतकी वर्षं लागली, त्याने पुढच्या चौदा वर्षांत परक्यांसाठी काउंटर उघडलं.

आपल्याकडे 1955 चा नागरिकत्व कायदा अजून आजींच्या जुन्या माल्टासारखाच आहे. दुसरं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं आपोआप संपतं. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड घ्या. मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. गोव्यात 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्यांच्या नातवंडांनी पोर्तुगालच्या नागरिकत्वाची वाट धरली, तर त्यांच्याही घराघरांत हाच वाद. मामांना भीती वाटते ती पळपुट्यांची. पण मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतल्या पीएनबी घोटाळ्यातला मेहुल चोक्सी 2017 मध्ये कॅरिबियनमधल्या अँटिग्वाचा नागरिक झालाच ना? दुहेरी नागरिकत्वाची बंदी तेव्हाही होती. उलट 2021 मध्ये तो तिथल्याच डॉमिनिका या दुसऱ्या बेटावर सापडल्यावर आपल्याच सरकारने तिथल्या कोर्टात सांगितलं की त्याचा नागरिकत्व सोडल्याचा अर्ज नामंजूर केलाय, तो अजून भारतीयच आहे. म्हणजे कायद्याची धार लागते ती माझ्यासारखीला.

म्हणून मी मावसभावाच्या बाजूने. पण सरसकट नाही. ज्याने दुसऱ्या देशात खरोखर काही वर्षं काढली, त्यालाच दोन्ही ठेवू द्यावं. विकत घेतलेल्याला नाही. किती दिवस राहिला हे मोजणं अवघड नसतं; टपालपेटी बघितली तरी कळतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मामांचं उत्तर आलं, "ते ठीक आहे गं, पण पासपोर्ट बदललास तर मतदानाचं काय? तो हक्क जाईल ना."

भारतीय पासपोर्ट खिशात असूनही मी सहा वर्षांत एकदाही मत दिलेलं नाही, कारण त्यासाठी मिरजेच्या केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं आणि तिकिटाचे पैसे दरवेळी जमत नाहीत. मी लिहिलं, "मामा, 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं. त्या दिवशी तुम्ही महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीचे फोटो टाकले होतेत."