दहा कोटेशनांत ‘अ‍ॅनिमल फार्म’ मावत नाही

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की एक मेसेज हमखास फिरू लागतो. यंदा तो माझ्याकडे तीन ग्रुपांतून आला. एकदा चोपड्याहून, एकदा शिरपूरहून, आणि तिसऱ्यांदा माझ्याच वर्गातल्या मुलीने पाठवला, खाली विचारलं होतं, “सर, एवढं केलं तर चालेल ना?”

मेसेज थोडक्यात असा: ‘अ‍ॅनिमल फार्म’मध्ये पैकीच्या पैकी मार्क हवेत? फक्त ही दहा कोटेशनं पाठ करा. पुस्तक वाचायची गरज नाही, सिनेमा बघा. प्रत्येक कोटेशन म्हणजे ऑर्वेलचा संदेश. प्रत्येकाचा एकच अर्थ आहे, तो खाली दिला आहे. कुठलंही कोटेशन आलं तरी रशियन क्रांती लिहा. जितकी कोटेशनं जास्त, तितके मार्क जास्त.

‘अ‍ॅनिमल फार्म’ ही जॉर्ज ऑर्वेलची छोटी इंग्रजी कादंबरी. एका फार्मवरची जनावरं मालक जोन्सला हाकलून राज्य हाती घेतात, आणि मग नेपोलियन नावाच्या डुकराच्या पुढारीपणाखाली डुकरंच सत्ता बळकावतात, अशी तिची गोष्ट. तालुक्याच्या गावी मी इंग्रजी शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी अहिराणी बोलतात, शाळा मराठीतून झालेली, इंग्रजी ही तिसरी भाषा. काहींची तर चौथी, कारण घरी पावरी ही आदिवासी बोली. इंग्रजी पुस्तक आपल्याला झेपणार नाही, कुणीतरी दिलेलं तयार उत्तर हेच सुरक्षित, अशी भीती त्यांच्या मनात आधीच बसलेली असते. हा मेसेज नेमका त्या भीतीवर चालतो, म्हणून मला त्याचा राग येतो. मेसेज पाठवणाऱ्या त्या मुलीला मी दोन ओळींत “नाही चालणार” असं कळवलं. का चालणार नाही, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी “वाचायची गरज नाही” हे बघू. पुस्तकात दहा प्रकरणं आहेत, सगळे मिळून सुमारे ३० हजार शब्द. इंग्रजी अगदी सरळ. ऑर्वेलने १९४५ साली ते छापलं तेव्हा नावाखाली ‘अ फेअरी स्टोरी’ म्हणजे ‘एक परीकथा’ असं लिहिलं होतं. रोज एक प्रकरण, शेजारी डिक्शनरी, दहा दिवस. कापूस वेचून आलेल्या मुलालाही हे जमतं, मी जमलेलं पाहिलंय. सिनेमाचं म्हणाल तर १९५४ सालच्या कार्टूनपटाचा शेवटच बदललेला आहे. त्यात जनावरं पुन्हा उठाव करून डुकरांवर चालून जातात. पुस्तकात असं काही होत नाही. तो शेवट उत्तरात लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलेलं नाही, हे तपासणाऱ्याला पहिल्या वाक्यात कळतं.

आता सगळ्यात मोठी चूक: “प्रत्येक कोटेशन म्हणजे ऑर्वेलचा संदेश.”

यादीत पहिल्या नंबरला अर्थातच ते प्रसिद्ध वाक्य आहे: सगळे प्राणी समान आहेत, पण काही प्राणी इतरांपेक्षा अधिक समान आहेत. खाली लिहिलंय, ‘नेपोलियन म्हणतो’. पुस्तकात हे नेपोलियन म्हणत नाही. कोणीच म्हणत नाही. ते कोठाराच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. म्हातारी घोडी क्लोव्हर, जिला अक्षरं ओळखता येतात पण शब्द जुळवता येत नाहीत, ती बेंजामिन गाढवाला भिंतीपाशी नेते आणि भिंतीवर काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणते. बेंजामिनला वाचता उत्तम येतं, पण तो कधी वाचत नाही. त्या दिवशी तो आपला नियम मोडतो. एकेकाळी तिथे बंडानंतर जनावरांनी पाळायच्या सात आज्ञा होत्या, आता हे एकच वाक्य उरलंय. एवढा प्रसंग उत्तरात आला तर अर्ध्याहून अधिक विश्लेषण झालंच. मग भाषेकडे बघा. ‘समान’ला ‘अधिक’ जोडताच येत नाही. दोन भाऊ समान वाटेकरी असतील तर असतात, नसतील तर नसतात. एक जण ‘अधिक समान वाटेकरी’ आहे असं तलाठ्याला सांगून बघा. वाक्य स्वतःलाच खोटं पाडतं आणि तरीही भिंतीवर कायदा म्हणून उभं राहतं. याला ‘ऑर्वेलचा संदेश’ म्हणणं म्हणजे लेखकाने ज्यावर बोट ठेवलं, तेच त्याच्या तोंडी घालणं.

दुसरं उदाहरण याहून गंभीर आहे, बॉक्सर या कष्टाळू घोड्याचं. यादीत ‘बॉक्सरचे अखेरचे शब्द: नेपोलियनचं नेहमीच बरोबर असतं’ असं दिलंय आणि अर्थ दिलाय, ‘मरतानाही बॉक्सर निष्ठावान राहिला’. बॉक्सरचे अखेरचे शब्द आपल्याला माहीतच नाहीत! नववं प्रकरण उघडा. बॉक्सरला दवाखान्यात न्यायला म्हणून गाडी येते. सगळे जमून त्याला हसत निरोप देत असतात. बेंजामिन ओरडतो, मूर्खांनो, गाडीवर काय लिहिलंय ते दिसत नाही का? गाडीवर घोडे कापणाऱ्याचं, सरस उकळणाऱ्याचं नाव असतं. आतून बॉक्सरच्या खुरांचा आवाज येतो आणि हळूहळू बंद होतो. तीन दिवसांनी स्क्वीलर नावाचं डुक्कर सांगतं, बॉक्सर दवाखान्यात वारला, मी उशाशी होतो, तो शेवटी नेपोलियनचं नाव घेऊन गेला. म्हणजे हे शब्द बॉक्सरचे नाहीत, स्क्वीलरने त्याच्या नावावर खपवलेले आहेत. बॉक्सर हे वाक्य आधी म्हणायचा हे खरं, म्हणून तर ही थाप पचते. जनावरांना फसवलं तसंच हा मेसेज मुलांना फसवतोय, त्याच वाक्याने.

म्हणून मी वर्गात प्रत्येक ओळीखाली तीन गोष्टी लिहायला लावतो: कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, आणि त्याच्या लगेच आधी काय घडलं. यातली तिसरी मुलं विसरतात आणि सगळा अर्थ बहुतेक वेळा तिथेच असतो.

“प्रत्येकाचा एकच अर्थ” हेही खरं नाही. बॉक्सरचंच ‘आय विल वर्क हार्डर’ घ्या, मी आणखी कष्ट करीन. हे वाक्य वर्गात वाचलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हाऊ घोडा ते आमना सालदारसारखा शे.” म्हणजे हा घोडा तर आमच्या सालदारासारखा आहे. क्षणभर वर्ग गप्प झाला. खान्देशात सालदार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं, पुढच्या आखाजीपर्यंत तो माणूस त्या शेताचा. पहाटे बैलांना वैरण, रात्री मोटारीची लाइट येईल तेव्हा केळीला पाणी. त्या मुलाने एका वाक्यात बॉक्सर पकडला होता. मी त्याला म्हटलं, आता हे वाक्य पुस्तकात कुठेकुठे येतं ते शोधून आण.

त्याने तीन जागा आणल्या. तिसऱ्या प्रकरणात, पहिल्या सुगीच्या वेळी, हा उत्साह आहे; शेत आपलं झालंय, कष्ट आपल्यासाठी आहेत. सातव्या प्रकरणात नेपोलियनच्या कुत्र्यांनी सगळ्यांसमोर जनावरांचे गळे फोडलेत, अंगणात प्रेतं पडलीत. बॉक्सर म्हणतो, मला कळत नाही, असं आपल्या फार्मवर होईल असं वाटलं नव्हतं, आपलंच काही चुकलं असेल. उपाय एकच, जास्त काम करायचं, उद्यापासून तासभर आधी उठीन. आणि लगेच खाणीकडे जाऊन दगडांच्या दोन खेपा ओढून आणतो. तेच वाक्य, पण आता ते प्रश्न न विचारण्याची जागा आहे. नवव्या प्रकरणात चढावर दगड ओढताना त्याचे फक्त ओठ हलताना दिसतात, आवाज उरलेला नाही. पहिल्याच प्रकरणात मेजर या म्हाताऱ्या डुकराने त्याला बजावलं होतं की, तुझी ताकद संपेल त्या दिवशी जोन्स तुला खाटकाला विकेल. जोन्स गेला, विकणारे बदलले, एवढंच. मेसेजमध्ये या ओळीचा अर्थ दिलाय: ‘मेहनतीचं महत्त्व’.

सालदाराची उपमा उत्तरात लिहू का, असं तो मुलगा नंतर विचारायला आला. लिही, पण शेवटी आणि एका वाक्यात, आणि फरकही सांग, असं मी म्हटलं. सालदाराचा व्यवहार निदान बोललेला असतो. बॉक्सरला म्हातारपणी चरायला कुरण मिळणार होतं. ते कुरण डुकरांनी आठव्या प्रकरणातच नांगरायला काढलेलं असतं, दारूसाठी बार्ली पेरायला.

एक ओळ तोडली की काय होतं, याचं उदाहरण आपल्या घरातही आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंची तव्याची ओळ, आधी हाताला चटके आणि मग भाकर, लोक संसाराच्या तक्रारीसारखी म्हणतात. पण ती कविता पुढे सांगते की संसाराला खोटा कधी म्हणू नये, राऊळाच्या कळसाला लोटा म्हणू नये. पुढचं कडवं वाचलं की चटक्यांचा अर्थच पालटतो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ होतं. पाठांतराला माझा विरोध नाहीच. पण त्यांना गाणं सबंध येत होतं, सुटी ओळ नव्हे.

“कुठलंही कोटेशन आलं तरी रशियन क्रांती लिहा.” यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते धोक्याचं. ऑर्वेलच्या डोळ्यांसमोर रशिया होता, नेपोलियनमध्ये स्टालिन आणि त्याचा प्रतिस्पर्धी डुक्कर स्नोबॉल याच्यात स्टालिनचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की दिसतो, हे लिहायला हवंच. पण ते एका वाक्यात होतं. प्रश्न ओळीवर असतो आणि मुलं १९१७ पासून पान भरत जातात, ओळ पहिल्या वाक्यानंतर परत दिसत नाही. खुद्द ऑर्वेलने १९४६ च्या एका पत्रात सांगितलंय की, गोष्टीचं वळण डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःकडे ठेवतात तिथे आहे. ते वळण इतिहासाच्या वहीत सापडणार नाही, वाक्यात सापडतं. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी दुधाने भरलेल्या पाच बादल्या आहेत. नेपोलियन बादल्यांपुढे उभा राहून म्हणतो, दुधाचं सोडा, ते बघितलं जाईल, सुगी महत्त्वाची. जनावरं गवत कापायला जातात आणि संध्याकाळी परत येतात तेव्हा ‘दूध नाहीसं झाल्याचं लक्षात आलं’. कुणी नेलं? वाक्यात कर्ता नाही. कुणाच्या लक्षात आलं? तेही नाही. लहान मूल ‘मी कप फोडला’ म्हणत नाही, ‘कप फुटला’ म्हणतं, तीच युक्ती. पुढच्या प्रकरणात स्क्वीलर सांगतो, ते दूध आम्ही तुमच्यासाठीच पितो. कर्माची आणि कर्त्याची ही लपाछपी मराठी माध्यमाच्या मुलांना झटकन कळते, व्याकरण त्यांनी घासलेलं असतं. वर्गात हा भाग आला की मला इंग्रजी शिकवल्यासारखं वाटतच नाही.

कोटेशनांच्या संख्येबद्दल फार लिहीत नाही. संदर्भासह स्पष्टीकरणात ओळ प्रश्नपत्रिकेतच छापलेली असते, दीर्घोत्तरात तीन-चार शब्दांचा नेमका तुकडा पुरतो. ‘विदाउट कॉज’ (कारणाशिवाय) हे दोनच शब्द घ्या. ‘कोणत्याही प्राण्याने दुसऱ्या प्राण्याला मारू नये’ या आज्ञेला ते मागून चिकटवले गेले आणि खून कायदेशीर झाला. पलंगावर झोपू नये या आज्ञेला ‘विथ शीट्स’ (चादरीसह), दारू पिऊ नये या आज्ञेला ‘टू एक्सेस’ (अति प्रमाणात). हे तीन तुकडे शेजारी ठेवून बोलणारं उत्तर दहा लांबलचक वाक्यं ओतणाऱ्या उत्तरापेक्षा कधीही भारी.

आणि एक गोष्ट मुलांनी स्वतः पुस्तकात बघावी. ज्यांना सात आज्ञा पाठ होत नव्हत्या, त्यांच्यासाठी स्नोबॉलने त्यांचं एक कोटेशन करून दिलं: चार पाय चांगले, दोन पाय वाईट. मेंढ्यांनी ते पाठ केलं आणि तासन् तास म्हणत राहिल्या. दहाव्या प्रकरणात त्यांना नवं शिकवलं जातं, चार पाय चांगले, दोन पाय अधिक चांगले, आणि त्या तेही तशाच म्हणतात. विरोध करायला कुणी तोंड उघडणार, तेवढ्यात हा गलका सुरू होतो आणि वेळ निघून जाते.

यादीतलं दहावं कोटेशन म्हणजे पुस्तकाचं शेवटचं वाक्य: बाहेरची जनावरं डुकराकडून माणसाकडे, माणसाकडून डुकराकडे बघत राहतात, पण कोण कोणता हे सांगणं आता अशक्य झालेलं असतं. अर्थ दिलाय, ‘डुकरं आणि माणसं एक झाली, त्यांची मैत्री झाली’. त्या मुलीला मी शेवटी एवढंच सांगितलं: या वाक्याच्या आधीचा परिच्छेद वाच आणि उद्या मला सांग. दुसऱ्या दिवशी ती तासाच्या आधीच दारात उभी होती. म्हणाली, “सर, मैत्री नाही, भांडण चाललंय. पत्ते खेळताहेत, आणि नेपोलियन अन् शेजारचा शेतकरी पिल्किंग्टन दोघांनी एकाच वेळी इस्पिकचा एक्का टाकलाय.”

“मग?”

“एका जोडात इस्पिकचा एक्का एकच असतो ना सर. म्हणजे दोघांपैकी एक जण तरी लबाड आहे. पण कोण, ते ऑर्वेल सांगत नाही.” आणि वही पुढे केली, त्यात ते वाक्य खोडून पुन्हा लिहिलेलं होतं.