दिसला का शनी?

घरात टेलिस्कोप असलेला माणूस आणि घरात शिडी असलेला माणूस, दोघांचं सोसायटीतलं स्थान साधारण एकच. वस्तू आपली, वापर सगळ्यांचा. फरक एवढाच की शिडी परत देताना कुणी "यात काही दिसलं नाही बुवा" असं म्हणत नाही.

माझा आठ इंची डॉब्सोनियन आहे, म्हणजे आठ इंच आरशाचा, लाकडी खोक्यावर फिरणारा साधा टेलिस्कोप. 2017 साली घेतला. नळकांडं आणि खालचं लाकडी खोकं मिळून वीसेक किलो भरतं, आणि पहिल्यांदा घरी आणला तेव्हा वॉचमनने रजिस्टरमध्ये "गिझर" अशी एन्ट्री केली होती. हा प्रकार ज्या जॉन डॉब्सनच्या नावाने ओळखला जातो तो अमेरिकेत रामकृष्ण-विवेकानंद परंपरेच्या वेदान्त मठात 23 वर्षं संन्यासी होता, आणि मठात राहून भंगारातल्या जाड काचा घासून आरसे करायचा, रात्री गुपचूप बाहेर पडून शेजारपाजारच्यांना आकाश दाखवायचा. 1967 मध्ये मठाने त्याला बाहेर काढलं. तर हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्याला "या, शनी बघा" म्हणू लागला. मला त्याच्याबद्दल प्रचंड आदर आहे. पण फुटपाथवरचा माणूस बघून पुढे निघून जातो हो, माझे प्रेक्षक दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटतात.

टेलिस्कोप निदान जड आहे म्हणून कुणी उसना नेत नाही. बायनॉक्युलरचं तसं नाही. माझा दहा बाय पन्नासचा छान बायनॉक्युलर होता, कृत्तिका त्यात अशा दिसायच्या की टेलिस्कोप काढायचा कंटाळा यावा. तो 501 वाल्यांनी ताडोबाला जाताना मागितला. मी दिला. नाही म्हणायला तोंड लागतं, आणि ते आमच्या घराण्यात कुणाला नाही. परत आला तेव्हा आयकपला बटाटा वेफर्सचा वास, आणि डोळ्याला लावला तर समोरच्या बिल्डिंगवर दोन टाक्या, ज्या जागी एकच आहे. कुठेतरी आपटला असणार, आतलं प्रिझम सरकलं की दोन्ही नळ्या वेगवेगळ्या दिशेला बघायला लागतात. मी काहीच बोललो नाही. फक्त विचारलं, वाघ दिसला का? तर म्हणे, "दिसला म्हणजे काय, जोडी दिसली!"

त्या बिचाऱ्या एकट्या वाघाचा मी अजून विचार करतो.

हौशी लोक एकमेकांत तरी नीट वागतात असं वाटत असेल तर एकदा वांगणीला या. बदलापूरच्या पुढचं स्टेशन, मुंबईची खगोल मंडळवाली मंडळी तिथे रात्रभराचे कार्यक्रम करत आली आहेत, पूर्वी बरंच काळोखं आकाश होतं, आता तिथेही उजेड पोचतोय. आम्ही चारपाच जण आपापली सामग्री घेऊन तिकडे जातो, आणि प्रत्येक जण स्वतःचा टेलिस्कोप सोडून दुसऱ्याच्या टेलिस्कोपपाशी उभा असतो. "काय लावलंयस?" हा तिथला नमस्कार. मग पुढचं वाक्य, "तुझा तो दहाचा आयपीस दे ना दोन मिनिटं." आयपीस म्हणजे टेलिस्कोपला डोळा लावायची सुटी काच. ही दोन मिनिटं माझ्या बाबतीत 2019 पासून चालू आहेत. तो आयपीस सध्या ठाण्यात सुखात आहे असं कळतं, मी स्वतःसाठी दुसरा घेतला.

तिथेच एकदा मी देवयानी दीर्घिका, म्हणजे अँड्रोमेडा गॅलक्सी, लावली होती. पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब, म्हणजे जो उजेड डोळ्यात शिरतोय तो निघाला तेव्हा आपली जात पृथ्वीवर नव्हतीच, असं सगळं मी घसा खाकरून सांगितलं. मित्राबरोबर आलेले त्याचे मेहुणे वाकले, बराच वेळ बघितलं, खिशातून रुमाल काढला आणि म्हणाले, "थांबा, काचेला डाग पडलाय." मी हात धरेपर्यंत त्यांनी दीर्घिका पुसायला घेतलीसुद्धा होती.

पण हे सगळं किरकोळ. खरी परीक्षा कोजागिरीची.

कोजागिरी म्हणजे पौर्णिमा, आणि पौर्णिमा म्हणजे आम्हा लोकांचा ड्राय डे. आकाश धुऊन निघालेलं, चारसहा तारे जेमतेम, आणि ज्या चंद्रासाठी एवढा थाट तोही टेलिस्कोपमधून अगदीच सपाट दिसतो, कारण ऊन समोरून पडतं, विवरांच्या सावल्याच नसतात. चंद्र बघावा अष्टमीला. हे मी दरवर्षी आमच्या सेक्रेटरींना सांगतो आणि दरवर्षी व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, मसाला दूध, भेळ, हाऊजी, आणि कंसात "टेलिस्कोप". अष्टमीला दूध कोण आटवणार!

2025 ची कोजागिरी 6 ऑक्टोबरला, सोमवारी. शनी त्या रात्री चंद्राच्या जवळपासच होता, म्हणून मी जरा खुशीत होतो की चला, चंद्रावर कंटाळले की शनी दाखवू. लिफ्ट सातव्यापर्यंत, पुढचा जिना खांद्यावरून. गच्चीत पोचलो तर टेलिस्कोपसाठी राखून ठेवलेली जागा दुधाच्या शेगडीला गेलेली, मला टाकीच्या मागे जागा मिळाली आणि डोक्यावर हॅलोजन. तो बंद करा म्हटलं तर हाऊजीचे आकडे दिसत नाहीत. चालू राहिला.

चंद्राचं एक बरं असतं, तो चुकत नाही. चाळीसेक माणसांनी बघितला आणि त्यातल्या तीसेकांनी डोळा न लावता मोबाईल लावला. 604 मधला कॉलेजचा मुलगा म्हणाला, "काका, माझ्या फोनला हंड्रेड एक्स झूम आहे, तुमच्यात किती?"

"आत्ता 48."

"फक्त?" असं म्हणून त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना, पगार सांगितल्यावर नातेवाईक बघतात तसं.

मग शनी. इथे एक अडचण नीट समजून घ्या. 120 पटीवर शनी लावला की पृथ्वी फिरत असल्यामुळे तो आपल्या आपण सरकत राहतो, मधोमध ठेवला तर पन्नासेक सेकंदात काठाबाहेर. आता 302 च्या काकू. काकू पुढे येतात, पर्स मागच्याकडे देतात, चष्मा काढतात, चष्म्याला जागा शोधतात, पदर खोचतात, "कुठे बघायचं रे?" विचारतात, आणि मग बसमध्ये दांडा धरतात तसा टेलिस्कोप दोन्ही हातांनी धरून वाकतात. तोवर शनी गेलेला असतो आणि काकूंनी धरल्यामुळे टेलिस्कोपही गेलेला असतो, वेगळीकडे. मी विचारतो, "दिसला का?" काकू म्हणतात, "हो हो, छान आहे हं!" त्या वेळी टेलिस्कोप शेजारच्या विंगच्या डिश अँटेनाकडे बघत असतो.

हे छान आहे हं वाले लोक खरे अवघड. एकच जण खरं बोलला, 203 मधला पाच वर्षांचा पोरगा, स्टुलावर चढून स्पष्ट म्हणाला, "मला काळं दिसतंय." त्याला आईने दटावलं, "नीट बघ, एवढे सगळ्यांना दिसतंय!" बघितलं तर खरंच काळं होतं. आधीच्या सात जणांनी काय बघितलं देव जाणे.

काकू परत आल्या, आवाज खाली. "अरे, माझी मेष रास. मार्चपासून साडेसाती लागलीय. आधीच त्याची नजर आहे, त्यात मी असं एवढं मोठं करून बघितलं तर?" मी म्हटलं काकू, शनी आत्ता सव्वाशे कोटी किलोमीटरच्या पलीकडे आहे, त्याला तुम्ही दिसत नाही. त्यावर शेजारचे आजोबा म्हणाले, टेलिस्कोप उलटा लावून बघा, लांब जाईल. सूचना वाईट नव्हती.

आणि मग तो प्रश्न आला ज्याची मला संध्याकाळपासून भीती होती. "कडी कुठेयत?"

झालं असं होतं की शनीची कडी दर पंधराएक वर्षांनी पृथ्वीवरून बघताना बरोबर आडवी येतात, 2025 च्या मार्चमध्ये तशी आली होती आणि ऑक्टोबरमध्येही जवळजवळ धारेवरच होती. पावणेतीन लाख किलोमीटर पसारा, पण जाडी बहुतेक ठिकाणी दहावीस मीटर, म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या उंचीइतकी किंवा त्याहून कमी. शेवेची कांडी सुपारीत आरपार खुपसावी तेवढं दिसत होतं, तेही हवा स्थिर असेल तर. मी पापड हातात आडवा धरून सगळं समजावलं. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं, पापड माझ्या हातातून घेऊन खाल्ला आणि म्हणाले, "मागच्या खेपेला तर स्पष्ट होती. मेंटेनन्स ठेवला नाही की असंच होतं."

रांग नाराज झाली. दोघं तिघं भेळेकडे वळले. आणि तेवढ्यात 403 च्या वहिनी ओरडल्या, "अय्या, दिसली! केवढी मोठी कडी!" मागून त्यांच्या मिस्टरांना दिसली. मग 604 ला, मग काकूंना, या वेळी खरंच, कारण त्यांनी हात करून दाखवलं, अशी तिरकी, लांबच्या लांब. सेक्रेटरी दोनदा बघून गेले. माझ्या पाठीवर थाप मारली. मी मनात म्हटलं, हवा स्थिर झाली असेल, एवढी? आणि तिरकी कशी? पण मला कुणी बघू देईना, मी लावून द्यायला होतो ना.

माझा नंबर लागला रात्री साडेबाराला. गच्ची रिकामी, पातेलं रिकामं, हॅलोजन आता बंद. वाकलो. शनीच्या आरपार खरंच एक लांब झगझगीत पट्टा, या काठापासून त्या काठापर्यंत, तिरका. आयपीस काढून टॉर्च मारला. काचेवर बोटाचा एक ठसठशीत फराटा होता, साजूक, मसाला दुधाच्या सायीचा, कडेला केशराचा एक तंतू चिकटलेला.

पुसला. कडी गेली. बारीक रेघ उरली, ती मी दहा मिनिटं एकटाच बघत बसलो.

सकाळी ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं होतं, काल शनीची कडी सर्वांना उत्तम दिसली, टेलिस्कोपवाल्यांचे आभार. खाली सत्तावीस अंगठे. मीही एक दिला.